शटडाऊन आणि एच-१बीचा पगार

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेत व्हर्जिनियात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येताय, कंपनी खासगी असली तरी क्लायंट तिथल्या केंद्र सरकारचं खातं आहे. शटडाऊनमध्ये, म्हणजे खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने सरकारी काम बंद पडतं तेव्हा, बिनपगारी राबलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी दावा लावून दुप्पट वसूल केल्याचं वाचलंत. तसं तुम्हालाही जमेल का? नाही जमणार. पण तुमच्या हातात दुसरा कायदा आहे, आणि तो जास्त भक्कम.

आधी तो दावा. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकार १६ दिवस बंद होतं. अत्यावश्यक म्हणून कामावर ठेवलेल्यांचे १ ते ५ ऑक्टोबरचे पैसे पगाराच्या दिवशी आले नाहीत. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्याचा आधार घेऊन ते कोर्टात गेले. यातली 'दुप्पट' म्हणजे पूर्ण पगाराची दुप्पट नव्हे, वरची भरपाई फक्त किमान वेतनाएवढी: तासाला ७.२५ डॉलर, रोज आठ तास, पाच दिवस, झाले २९० डॉलर. ओव्हरटाइम असेल तर तो वेगळा. २०१७ मध्ये क्लेम्स कोर्टाने (सरकारवरचे पैशांचे दावे ऐकणारं कोर्ट) त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि लोकांच्या लक्षात तेवढाच राहिला. पुढे २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनवरचे दावे अपिलात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टाने म्हटलं, की मंजुरी नसताना पैसे द्यायला सरकारला कायद्यानेच मनाई आहे. शटडाऊन संपताच लवकरात लवकर पगार दिला तर उशिराची भरपाई नाही. थकलेला पगार देण्याचा २०१९ चा कायदाही सरकारच्या स्वतःच्या नोकरांपुरता. काँट्रॅक्टरची माणसं त्यात नाहीत.

तुमचं गणित वेगळं. एलसीएवर, म्हणजे एच-१बीसाठी कंपनी श्रम खात्याकडून मंजूर करून घेते त्या अर्जावर, लिहिलेला पगार कंपनीने द्यायचाच, क्लायंटने दार बंद केलं तरी. बेंचवर (म्हणजे काम न देता) बसवून पगार कापला, तर श्रम खात्याच्या वेज अँड आवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ फॉर्म भरायचा. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत मात्र १२ महिने. एल-१ व्हिसावाल्यांना (त्याच कंपनीच्या परदेशी ऑफिसातून बदलीवर आलेल्यांना) एलसीएच नसतो, त्यामुळे हे संरक्षणही नाही.

घोटाळा होतो तो एका ईमेलमुळे. एचआर गोड शब्दांत लिहितं, 'वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा हवी आहे, एवढं लिहून पाठवा.' पाठवलंत की संपलं, कारण स्वतःहून मागितलेल्या रजेचा पगार कंपनीला द्यावा लागत नाही. उलट लिहा: 'मी कामाला उपलब्ध आहे, काम सांगा.' ते ईमेल, पे-स्टब (पगाराची पावती) आणि रुजू होताना हक्काने मागून घेतलेली एलसीएची प्रत कंपनीच्या लॅपटॉपवर नको, स्वतःकडे ठेवा.

आणखी एक. शटडाऊनमध्ये श्रम खातंच बंद पडलं तर नवे एलसीए मंजूर होत नाहीत. २०१३ आणि २०२५ मध्ये तसंच झालं. २०१८-१९ मध्ये त्या खात्याचा निधी आधीच मंजूर असल्याने काम चालू राहिलं. सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, मंजुरी अडली तर शटडाऊन तेव्हाच लागू शकतं, आणि एलसीएला कामाचे सात दिवस लागतात. म्हणून पुढे कंपनी बदलायची झाली, तर नव्या कंपनीला सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच एलसीएचा अर्ज टाकायला लावा.