पांढरं कार्ड मिळालं, मग आता काहीच मिळणार नाही का?

"मॅडम, पोराचे चाळीस टक्के बसले नाहीत. पांढरं कार्ड दिलं हातात. आता काहीच भेटत नाही म्हणतेत." पैठण तालुक्यातून आलेले वडील बोलत होते. पंचविशीतला मुलगा उजवा हात गमज्याखाली झाकून बसला होता. वाळूज एमआयडीसीत पॉवर प्रेसवर त्याची तीन बोटं गेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के भरले नाहीत की सगळं संपलं, असं मानून बसलेली घरं मी सतत बघते. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा रंग फक्त टक्केवारी सांगतो: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीसपासून पिवळा, ऐंशीपासून निळा. कार्ड ही ओळख आहे, पैसे त्या त्या योजनेतून येतात आणि प्रत्येक योजनेची अट वेगळी. तहसीलमधल्या संजय गांधी निराधार योजनेला किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 रुपयांच्या आत असावं लागतं. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या घरासाठी, तीही 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तरच. या मुलाला दोन्ही लागू नव्हत्या, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग विचारलं, "पगारातून ईएसआय कटत होतं का?"

मुलगा पहिल्यांदा बोलला. "कटत होतं की. पण मी ठेकेदाराकडं होतो ना." गमज्यातून हात बाहेर काढून, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून त्यानं पगाराची स्लिप पुढे केली. विमा क्रमांक छापलेला होता.

ठेकेदाराकडचा कामगारही विमाधारकच असतो. कामावर इजा झाली तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, चाळीस टक्के विचारत नाही, घरची गरिबीही विचारत नाही. कमावण्याची क्षमता किती घटली, एवढंच तिथलं वैद्यकीय मंडळ बघतं. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची तीन बोटं गेली तर 30 टक्के, चार गेली तर 50 टक्के असं लिहिलेलं आहे. दिवसाची सरासरी मजुरी 500 रुपये धरली तर तिचे 90 टक्के म्हणजे 450, आणि त्याचे 30 टक्के म्हणजे रोजचे 135 रुपये. महिन्याला चार हजारांच्या आसपास, आयुष्यभर.

"म्हणजे कार्डावरचे टक्के खोटे?" वडिलांनी विचारलं. खोटे नाहीत. रुग्णालयानं शरीराचं नुकसान मोजलं, विम्याचं मंडळ कमाईचं नुकसान मोजणार. पण त्या आकड्यानं पोराला काय वाटलं, हे मला महत्त्वाचं होतं. "तीन बोटं गेली आन् वरून म्हणतेत, तुला काही झालंच नाही," तो म्हणाला. हे तो एकदा मोकळेपणानं बोलेपर्यंत मी कागदांना हात लावला नाही.

पुढची भीती परत कामाला लागण्याची होती: पगार सुरू झाला की हे पैसे बंद पडतील. तसं होत नाही. हा लाभ झालेल्या इजेसाठी असतो, पगारासोबत चालू राहतो. त्यांनी आधी कंपनीनं पाठवलेल्या अपघात अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि मग ईएसआयच्या शाखा कार्यालयात मंडळासाठी अर्ज द्यावा, असं ठरलं. अर्ज मुलानंच लिहायला घेतला, डाव्या हातानं.