चहा सोडला आणि डोकं धरलं

प्रश्न: मी सांगलीत राहते. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, वय 58. सौदे सुरू झाले की येईल त्याच्याबरोबर चहा, दिवसाला 10-12 हाफ होतातच. रात्री एक-दीडपर्यंत झोप नाही म्हणून सोमवारी मी चहा एकदम बंदच करायला लावला. मंगळवारी डोकं असं धरलं की कपाळाला रुमाल बांधून बसले. मेडिकलमधली गोळी घेतली तर तासाभरात उतरलं, बुधवारी परत तेच. बीपी तर नसेल ना?

उत्तर: ताई, बीपी एकदा मोजून घ्याच, मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको. पण मला हे कॅफीन तुटल्याचं दुखणं वाटतंय. कॅफीनने डोक्यातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रोजची सवय असताना ते एकदम बंद झालं की त्या फुगतात आणि डोकं ठणकायला लागतं, साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होतं आणि कधी कधी आठवडाभरही चालतं. त्या गोळीची पट्टी घरात असेल तर उलटी करून बघा, डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीनच असतं, मग लगेच उतरणारच की!

तुमची काळजी खरी आहे, फक्त एकदम तोडू नका. एका कपात 30 ते 65 मिलीग्राम कॅफीन धरलं तर 12 हाफ म्हणजे 6 कप, म्हणजे 180 ते 390. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला 300 च्या आतच रहा म्हणते. तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी एक हाफ कमी करा, आणि सुरुवात संध्याकाळच्या चहापासून करा. कारण पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात, साडेसहाला दुकान आवरताना घेतलेल्या चहातलं निम्मं साडेअकराला अंगात असतंच, मग माणूस दमलेला असूनही डोळा लागत नाही. चारनंतर चहा नको, सोबतीला बसायचंच असेल तर हातात ताक घ्या म्हणावं. जेवणाच्या आधी-नंतर तासभरही नको, जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

डोकं अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर मात्र चहाचा हिशोब करत बसू नका, तडक दवाखान्यात न्या.