लोअर केलेल्या गाडीला किती मिमीचा स्पेसर?

प्रश्न: लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी ३५ मिमी खाली घेतलीय. व्हील १७ इंची, रुंदी साडेसात, ईटी ४५ (ऑफसेट, म्हणजे व्हीलची गाडीला टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते), टायर २१५/४५. खाली घेतल्यापासून चाकं फारच आत गेल्यासारखी दिसतात, म्हणून पुढे २० आणि मागे २५ मिमीचे स्पेसर (चाक बाहेर यावं म्हणून त्याच्या मागे बसवायची धातूची चकती) टाकायचा विचार आहे. मित्र म्हणतो लोअर केलेल्या गाडीला स्पेसर टाकूच नये. खरंय का?

उत्तर: टाकूच नये असं काही नाही. पण २० आणि २५ हे आकडे आले कुठून? बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी गाडीच्या फोटोवरून उचललेले असतात, आणि त्या गाडीचा ईटी वेगळा, टायर वेगळा, फेंडर (चाकावरची पत्र्याची कमान) आतून दुमडलेला, मग तो आकडा आपल्या काय कामाचा! हिशोब तसा सोपा आहे, स्पेसर जितका जाड तितका ईटी कमी. ४५ मधून २० गेले की २५ उरले, म्हणजे तुमची चाकं ईटी २५ ची असल्यासारखी बसणार, आणि दोन्ही बाजू धरून गाडी ४० मिमी जास्त रुंद उभी राहणार.

आता मोजा. गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ, हवा बरोबर. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा (दोऱ्याला एक नट बांधला तरी झाला ओळंबा) आणि दोऱ्यापासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं अंतर घ्या. चारही चाकांना घ्या हं, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी असेलच असं नाही, आणि जी बाजू कमी भरेल तीच खरी धरायची. समजा २२ मिमी भरलं, तर २२ चा स्पेसर नाही घ्यायचा, निदान ५ मिमी तरी सोडा.

पण हे झालं उभ्या गाडीचं, आणि लोअर केलेल्या गाडीत लोक फसतात ते इथेच. उभी असताना सगळं मस्त दिसतं, मग मागे तीन जण बसले, खड्डा आला, की टायर वर जाऊन फेंडरच्या कडेला चाटतो, कारण वर जायला जागा आधीच ३५ मिमीने कमी झालीय. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेलं सस्पेन्शन) असेल तर गाडी खाली बसताना चाकाचा वरचा भाग थोडा आत कलतो (निगेटिव्ह कॅम्बर), त्यामुळे पुढे जराशी सूट मिळते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, फारसा बदलत नाही, चाक तसंच्या तसं वर येतं, म्हणून डोळे झाकून मागे जास्त जाड टाकायची जी पद्धत पडलीय ती मला पटत नाही. आधी पूर्ण माणसं आणि सामान भरून मागचं अंतर पुन्हा बघा. पुढे मात्र स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून लायनरला (फेंडरच्या आतलं प्लॅस्टिक) आणि बंपरच्या टोकाला लागतं का ते बघायचं, कारण चाक बाहेर गेलं की वळताना मोठा वळसा घेतं. फिटिंगनंतर फेंडरच्या आतल्या कडेला खडू फासा, भरल्या गाडीने हळू एक फेरी मारा, खडू जिथे पुसला तिथे घासतंय.

तुमच्या जागी मी असतो तर पुढे १२ ते १५ च्या पुढचा विचारच केला नसता. मागचा आकडा मोजल्याशिवाय नाही सांगणार.

आणि जाडीपेक्षा महत्त्वाचं, नट-बोल्ट. नुसता सरकवून बसवायचा स्पेसर टाकला की आटे तेवढेच कमी पकडतात. साधारण नियम असा की स्टडचा (ज्यावर नट बसतो तो आटेवाला दांडा) व्यास जितका, निदान तितकी लांबी पकडली पाहिजे. एम १२ × १.५ (व्यास १२, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) असेल तर नट हाताने ८ पूर्ण फेरे फिरला पाहिजे, १.२५ पिच असेल तर १० च्या आसपास. कमी फिरला तर लांब स्टड टाका. बोल्टवाली गाडी असेल तर स्पेसरच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्या, पण उगाच जास्त लांब नकोत, मागे ब्रेकच्या भागांना लागू शकतात, आणि बोल्टची बैठक शंकूसारखी की गोल ते व्हीलला जुळवूनच घ्या. दोन पातळ स्पेसर एकावर एक ठेवून जाडी जमवायचं तर मनातही आणू नका.

प्रश्न: १० मिमीचे स्पेसर टाकल्यापासून वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा केलं, फरक शून्य.

उत्तर: बॅलन्सिंग मशीनवर स्पेसर नसतो, तो गाडीवर असतो, मग मशीनला कसं कळणार! हबच्या (चाक ज्यावर बसतं तो फिरता भाग) मध्यभागी जी कडा बाहेर आलेली असते तिच्यावर चाक नेमकं मध्यात बसतं. १० मिमीच्या स्पेसरने ती कडा जवळजवळ पूर्ण खाल्ली, आणि स्पेसरला स्वतःची कडा नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्य शोधतंय. हबसेंट्रिक स्पेसर घ्या, आतलं भोक हबच्या मापाचं आणि बाहेरची कडा व्हीलच्या भोकाच्या मापाची, ५७.१ ला ५७.१ च, जवळपासचं चालत नाही. बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, गंजाची एक खपली राहिली तरी चाक तिरकं बसतं. नट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळा आणि ५०-१०० किमी नंतर परत तपासा.

प्रश्न: स्पेसरने बेअरिंग जातं म्हणतात, खरं का?

उत्तर: ताण वाढतो, कारण चाक बेअरिंगपासून लांब जातं. पण तितक्याच कमी ईटीचं व्हील घातलं तरी तोच ताण येतो, तेव्हा दोष एकट्या स्पेसरला नको. ५ मिमीने फार काही बिघडत नाही, कॉइलओव्हरला (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) टायर आतून लागत असेल तर ५ चा स्पेसर उलट कामाचाच. २५-३० पर्यंत जायचं असेल तर स्टिअरिंग जड होणं, खराब रस्त्यावर गाडी इकडेतिकडे ओढली जाणं हेही सोबत येतं, आणि तेवढाच खर्च करायचाय तर सरळ योग्य ईटीचीच व्हील्स बघा.