ओंडक्यांचा आकडा शून्यावर आला, म्हणजे निर्यात थांबली काय?

प्रश्न : पंचवटीत आमचा दारे-चौकटी बनवण्याचा कारखाना आहे. वखारीत ‘मलेशियन साल’ नावाचे इमारती लाकूड वर्षानुवर्षे मिळते, पण इंडोनेशियाचे ओंडके वडिलांच्या काळापासून दिसलेले नाहीत. माझी मुलगी अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी या दोन देशांच्या हार्डवुड निर्यातीची तुलना करीत आहे. तिच्या आलेखात १९८५ नंतर इंडोनेशियाची रेषा जवळजवळ शून्यावर येते. तिथली जंगले संपली, असे समजावे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे समजू नये. आपल्या मुलीने बहुधा फक्त ओंडक्यांचे आकडे घेतले आहेत, आणि १९८५ मध्ये इंडोनेशियाने ओंडक्यांच्या निर्यातीवरच संपूर्ण बंदी घातली. त्यापूर्वी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, उष्ण कटिबंधातील ओंडक्यांच्या निर्यातीत तो देश अग्रेसर होता. बंदीमुळे झाडे तोडणे थांबले नाही. तोडलेले लाकूड देशातल्या गिरण्यांतच प्लायवुडसाठी पातळ पापुद्र्यांत सोलले जाऊ लागले आणि काही वर्षांतच इंडोनेशिया जगातला सर्वांत मोठा प्लायवुड निर्यातदार झाला. जपान पूर्वी तिथले ओंडके घेई, तो आता प्लायवुड घेऊ लागला.

म्हणून तुलना करताना ओंडके, चिरलेले लाकूड आणि प्लायवुड या तिन्हींचे आकडे घ्यावेत आणि प्रत्येकाला किती ओंडका लागला असेल ते काढून बेरीज करावी. एक घनमीटर प्लायवुडसाठी साधारण दोन घनमीटर किंवा त्याहून अधिक ओंडका लागतो. झाडाची साल, भुसा आणि तुकड्यांत किती माल जातो, हे आपण कारखान्यात रोज पाहतच असाल. वखारीच्या मापाशी ताळा करायचा असल्यास १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट.

मलेशियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे देश एक असला तरी नियम एक नाही. द्वीपकल्पीय मलेशियाने (आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेल्या भागाने) १९८५ मध्ये आणि बोर्निओ बेटावरच्या साबा राज्याने १९९३ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तर त्याच बेटावरच्या सारावाक राज्याने ती चालू ठेवली आणि पुढे भारत हा त्या ओंडक्यांचा मोठा ग्राहक ठरला. तेव्हा ‘मलेशिया’ अशी एकच रेषा काढण्यापेक्षा या तीन भागांच्या रेषा वेगळ्या काढाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

इंडोनेशियाची बंदीही सलग राहिली नाही. १९९२ मध्ये तिच्या जागी जबर निर्यातशुल्क आले, १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे ते उतरवावे लागले आणि २००१ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्या काळात कालिमंतानचे, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडील भागाचे, लाकूड चोरट्या मार्गाने सारावाकमध्ये जात असे, त्यामुळे या वर्षांचे सरकारी आकडे जपूनच वाचावेत. शिवाय १९९७-९८ च्या आर्थिक संकटात इंडोनेशियाचे चलन रुपिया कोसळले होते. तेवढ्यापुरती तरी डॉलरमधील किंमत बाजूला ठेवून घनमीटरच पाहावेत.

‘हार्डवुड’ म्हणजे टणकच लाकूड असे नव्हे. रुंद पानांच्या झाडांचे लाकूड त्यात मोडते. आपली मऊ सावरही हार्डवुडच, आणि देवदार मात्र सॉफ्टवुड.

जंगलांचा प्रश्न निर्यातीच्या आकड्यांवरून सुटणार नाही. त्यासाठी वनक्षेत्राचे आकडे वेगळे पाहावे लागतील. मलेशियातून बाहेर जाणाऱ्या लाकडी फर्निचरचा मोठा भाग तर रबराच्या लाकडाचा असतो, आणि ती झाडे जंगलातली नसून चीक आटल्यावर तोडलेली मळ्यांतली असतात.