भंगारातल्या पाट्यापासून घरी सुरी बनवता येते का? आणि ती चांगली झाली हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारवाल्याकडं ट्रकच्या कमानीचा पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) मिळाला आहे, त्यातून घरी भाजी चिरायला सुरी करायची आहे, मोठी भट्टी नाही. जमेल का, आणि झालेली सुरी कामाची की नुसती दिसायला, हे कळणार कसं?

जमेल. पण पाट्यातून सुरी नको, सत्तूर करा.

पाटा चांगला आठ-दहा मिलिमीटर जाड असतो. भाजीच्या सुरीला पाठीवर दोन-अडीच मिलिमीटर पुरे. एवढं पातळ करायचं तर ऐरण, भाता आणि घण मारणारा जोडीदार पाहिजे. नुसत्या ग्राइंडरवर झिजवायला बसलात तर डिस्क संपतील, शेजारी भांडायला येतील आणि सुरी तरी जाडच राहील. जाड सुरीनं गाजर चिरत नाही, फुटतं. सत्तुराला मात्र वजन लागतंच, आणि रविवारच्या मटणामुळं कोल्हापुरात तो पडून राहायची भीती नाही. सुरीच करायची असेल तर एखाद्या लाकडाच्या वखारीत जा आणि बँडसॉचा (लाकूड कापायच्या पट्टाकरवतीचा) तुटलेला रुंद पट्टा मागा. तो सव्वा-दीड मिलिमीटरचा, चांगल्या कार्बनचा असतो आणि त्याला ठोकायची गरज नसते. आकार कापा, कड काढा, पाणी द्या (म्हणजे लाल तापवून एकदम विझवा, तेवढ्यानं पोलाद कडक होतं).

आता पोलादाचं. भंगारातला तुकडा स्वतःचं नाव सांगत नाही. आपल्याकडं कमानीचे पाटे साधारणपणे ईएन ४५, ईएन ४७ किंवा त्यांच्या जवळच्या जातीचे असतात. कार्बन अर्धा ते ०.६ टक्के, पहिल्यात सिलिकॉन जास्त, दुसऱ्यात क्रोमियम आणि व्हॅनेडियम. बेअरिंगचं ईएन ३१ वेगळं, त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास. जुनी कानस त्याच्याही थोडी वर जाते, पण हल्लीच्या स्वस्त कानशी कधीकधी वरवर कडक आणि आतून मऊ निघतात. स्लॅबच्या सळईची सुरी करून दाखवणारे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा, सळईत कार्बन जेमतेम पाव टक्का असतो, तिला धार टिकत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतलं बीड (ओतीव लोखंड) तर अजिबात नको. त्यात कार्बन तीन टक्क्यांच्या वर, ते घणाखाली फुटतं. पॉवर हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं) हायस्पीड स्टीलचं ब्लेड मिळालं तर ते गरम न करता, पाण्यात बुडवत बुडवत नुसतं घासून सुरी करा. त्याला पाणी द्यायला १२०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते घरच्या विटांच्या भट्टीचं काम नाही.

ओळखायला पहिली परीक्षा ठिणगीची. तुकडा ग्राइंडरला लावा, शेजारी माहीत असलेला मऊ लोखंडाचा तुकडाही लावा, आणि काळोख्या कोपऱ्यात दोन्ही बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात, फारशा फुटत नाहीत. कार्बन वाढेल तसे टोकाला फाटे फुटतात, चांदण्या पडतात. हायस्पीडच्या ठिणग्या मंद तांबूस आणि थोड्या.

दुसरी परीक्षा चिरेची. पाट्यानं आयुष्यभर खड्डे खाल्लेले असतात (आपल्या रस्त्यांचे, म्हणजे बघा). डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा त्यात असू शकतात, आणि पाणी देताना त्या उघडतात. गंज घासून काढा, रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या, फडक्यानं कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. चीर असेल तर आतलं रॉकेल खडू ओला करतं आणि ओळीसारखा डाग उमटतो. असा भाग कापून टाका. भंगाराऐवजी कमानी बनवणाऱ्यांकडचा नवा कापलेला तुकडा मिळाला तर हा त्रासच नाही.

तिसरी परीक्षा लोक टाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी हीच. सुरीला हात घालण्याआधी त्याच पाट्यातून बोटभर रुंदीची पट्टी कापा. ती तापवा, तेलात विझवा आणि टेम्पर न करता (म्हणजे ठिसूळपणा घालवायला ओव्हनमध्ये पुन्हा मंद न तापवता) व्हाइसमध्ये धरून हातोडीनं मोडा. चष्मा घाला आणि पट्टीवर फडकं टाका, तुकडा उडतो. न मोडता वाकली तर एक तर पोलाद कामाचं नाही, नाहीतर तापमान कमी पडलं. मोडली तर मोडलेलं तोंड उन्हात धरा. आतला दाणा बारीक, करडा, चमक नसलेला दिसला तर तुमचं तापमान बरोबर. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर जास्त तापवलंय, आणि त्या तापमानाला केलेल्या सत्तुराचा टवका हाडावर उडणार. एका पाट्यातून अशा पट्ट्या हव्या तेवढ्या निघतात. रंग थोडा थोडा बदलत मोडत राहा, म्हणजे तुमच्या भट्टीत, तुमच्या उजेडात बरोबर रंग कोणता ते डोळ्यांना कळेल. हे पुस्तकात वाचून येत नाही.

भट्टीला चार विटा, लोणारी कोळसा आणि जुना हेअर ड्रायर पुरतो. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही त्यात घालू नका, धूर विषारी असतो. पाटा मुळातच कडक असतो, ड्रिल त्यात शिरत नाही. आधी लाल करून राखेत रात्रभर गाडून ठेवा, मग कापा, भोकं पाडा, घासा. धारेची बाजू मात्र पाणी देण्याआधी मिलिमीटरभर जाड ठेवा. आधीच पातळ केलीत तर ती वाकते किंवा जळते.

पाणी देताना लोहचुंबक जवळ ठेवा. ७७० अंशांच्या सुमाराला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. पण तिथं थांबायचं नाही. या जातींना ८३० ते ८६० लागतं. एक जुनी युक्ती आहे, पात्यावर मिठाचे चार खडे टाका. मीठ ८०१ अंशांना वितळतं. ते वितळून पसरलं की रंग अजून किंचित उजळू द्या आणि लगेच तेलात. तेल म्हणजे साधं गोडेतेल, ५०-६० अंश कोमट, उभ्या लोखंडी डब्यात चार-पाच लिटर. गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका, त्याच्या धुरात नको ते सगळं असतं. पातं टोकाकडून सरळ खाली, आडवं हलवायचं नाही. तेल पेटलं तर वर झाकण टाका, पाणी कधीच नाही. गावाकडचा लोहार पाण्यात विझवतो आणि त्याचा कोयता नीट निघतो, कारण तो फक्त धार बुडवतो आणि कधी बाहेर काढायचं हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. नवख्यानं अख्खं पातं पाण्यात घातलं की 'टिक' असा आवाज येतो आणि काम संपतं.

गार झाल्यावर धारेवर कानस फिरवा. वरचा जळका थर निघेपर्यंत ती दोन-चार वेळा चावेल, मग काचेवर फिरवल्यासारखी घसरली पाहिजे. घसरली तर पातं कडक आहे, पण काचेइतकंच ठिसूळही. लगेच ओव्हनमध्ये ठेवा. सुरीला २०० अंश, सत्तुराला २३० ते २५०, दोन-दोन तास, दोन वेळा. घरच्या ओव्हनच्या काट्यावर भरवसा नको, आत थर्मामीटर ठेवा आणि पात्याचा एक भाग चकचकीत घासून ठेवा. तिथं २०० ला फिकट पिवळा रंग येतो, २४० च्या पुढं तपकिरी, ३०० ला निळा. पुढं धार काढताना ग्राइंडरवर हाच निळा रंग दिसला तर तेवढ्या जागेची कडकी गेली. म्हणून बोटांना चटका बसायच्या आधी पातं पाण्यात बुडवायचं.

आता तुमचा खरा प्रश्न. कागद कापून दाखवणं म्हणजे परीक्षा नव्हे, मऊ लोखंडही ताज्या धारेनं कागद कापतं. सहा मिलिमीटरची पितळी सळई व्हाइसमध्ये आडवी धरा. दिवा समोर ठेवा. धार सळईवर कलती टेकवून एवढी दाबा की काठ किंचित वाकलेला दिसेल, उजेडाची रेघ हलते. मग टोकापर्यंत सरकवत न्या. काठ परत सरळ झाला तर टेम्पर जमलं. वाकलेलाच राहिला तर मऊ, पुन्हा पाणी द्या. बारीक टवके गेले तर जास्त कडक. ओव्हन दहा-पंधरा अंश वाढवून पुन्हा ठेवा, ते टवके घासून काढा आणि परत सळईवर.

मग धार किती टिकते ते बघा. काथ्याचा दोर लाकडावर ठेवून कापत राहा आणि अधूनमधून वर्तमानपत्राचा कागद कापून बघा. बाजारातल्या एखाद्या सुरीला तेवढ्याच कोनाची धार लावून तिच्यावरही तेच करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सत्तुराला वाळलेल्या उसाच्या पेऱ्यांवर चालवा, मग मटणाच्या हाडावर. हाडात रुतला तर पिळायचा नाही, सरळ उचलायचा. नंतर धारेवरून नख फिरवा, कुठं अडकलं तर टवका. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत तर लटकता दोर एका घावात तोडायचा, लाकूड तोडायचं, त्यानंतरही अंगावरचे केस भादरायचे आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये ९० अंश वाकवायचं. ते कारागिराची परीक्षा घेण्यासाठी. तुमचा सत्तूर वाकवू नका. आकडाच हवा असेल तर एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडं कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन असतं. सत्तुराला ५४ ते ५६, सुरीला ५८ च्या आसपास आलं की झालं.

हे पोलाद गंजतं. कांदा-लिंबानं काळं पडेल, ते चालतं. ओलं ठेवलं तर मात्र तांबेरा धरेल.

आणि लांबी-रुंदीचा मोह आवरा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे, म्हणून सत्तूर सत्तुरासारखाच दिसू द्या, तलवारीची मूठ लावून फोटो टाकत बसू नका. पट्टी मोडल्यावर तिच्या तोंडाचा जवळून फोटो काढून इथं टाका, दाणा बघून सांगतो.