डीपॉ विद्यापीठात शिकण्यासाठी मेथॉडिस्ट (ख्रिस्ती धर्मातील एका प्रोटेस्टंट पंथाचे) असावे लागते का?

नाही; अमेरिकेतील इंडियाना राज्यात ग्रीनकॅसल या लहानशा गावी असलेल्या डीपॉ विद्यापीठात कोणत्याही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या, विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो. मेथॉडिस्टांनी १८३७ मध्ये बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांच्या नावाने ही संस्था काढली, तेव्हा ती सर्व पंथांना खुली राहील असे तिच्या सनदेतच नमूद केले होते; पुढे १८६७ मध्ये मुलींना प्रवेश मिळू लागला आणि १८८४ मध्ये काचउद्योजक वॉशिंग्टन डीपॉ यांच्या भरघोस मदतीनंतर सध्याचे नाव आले. मात्र युनायटेड मेथॉडिस्ट चर्चशी असलेले नाते तुटलेले नाही. तरीही तिथल्या रोजच्या जीवनावर चर्चपेक्षा अधिक छाप दिसते ती ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थी-मंडळांची (मुलींचे कप्पा अल्फा थीटा हे मंडळ १८७० मध्ये इथेच स्थापन झाले) आणि वाबॅश कॉलेजशी होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याची, ज्यात १९३२ पासून विजेत्याला रेल्वे इंजिनावरची सुमारे ३०० पौंडांची, एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने सोनेरी रंगवलेली घंटा मिळते.