स्नायपरचा बिल्ला घेताय? प्रमाणपत्र आधी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न वाचला आणि 6 वर्षांपूर्वीचा मीच डोळ्यांसमोर आलो. तोच फ्लोमार्क्ट, म्हणजे जर्मनीतला जुन्या वस्तूंचा बाजार, तीच 'आजोबांच्या पेटीत सापडला' ही कहाणी आणि तोच रुपेरी दोरीच्या काठाचा कापडी बिल्ला, वेअरमाख्तचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याचा स्नायपर बिल्ला, दुसरा दर्जा. तुम्हाला 450 युरो सांगितलेत, मी 380 मोजले होते. सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र मिळतंय म्हणून घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. मी तर म्हणेन, प्रमाणपत्र पुढे केलंय म्हणूनच जरा थांबा.

माझी चूक अशी, की मी आधी पैसे दिले आणि मग तपासणी करून घेतली, तीही विक्रेत्यानेच सुचवलेल्या ठिकाणी. नाव घेत नाही. 4 फोटो पाठवले, फी भरली, आठवड्याभरात जाड कागदावर शिक्का मारून उत्तर आलं: 'कालखंडाशी सुसंगत'. मी खूश! फ्रेमसुद्धा करून आणली. पुढे कधीतरी एका मित्राने अतिनील टॉर्च आणला. दिवे घालवून बघतो तर काठाची शिलाई नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या शर्टासारखी निळसर चमकतेय. ही चमक आणणारी द्रव्यं धाग्यात सर्रास यायला लागली ती युद्धानंतर.

तपासणीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "आम्ही फोटो तपासले, वस्तू नाही." कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. तीन मेल केल्यावर उत्तर आलं, वस्तू प्रत्यक्ष पाठवा, नव्याने फी भरा. विक्रेत्याने तर पावतीवरच 'खासगी विक्री, परत घेतली जाणार नाही' असं खरडलं होतं. असो, अजून डोकं तापतं.

(टॉर्चवरही आंधळा विश्वास नको. जुना कपडा आजच्या पावडरीने धुतला तर तोही चमकतो, आणि चमकला नाही म्हणजे अस्सल असंही नाही. मी हौशी माणूस आहे, तज्ज्ञ नाही.)

खरं तर टॉर्चआधी साधा हिशेब करायला हवा होता. या बिल्ल्याचा हुकूम निघाला 20 ऑगस्ट 1944 ला आणि टिपलेले सैनिक मोजायचे ते 1 सप्टेंबरपासून पुढचेच. पहिल्या दर्जाला 20, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 60. मे 1945 मध्ये युद्धच संपलं. सगळं मिळून 8 महिने. त्यात 40 चा आकडा गाठून बिल्ला हातात पडलेले किती, त्यातले किती बिल्ले आजवर टिकले, आणि बाजारात दर चौथ्या टेबलावर एक कसा काय पडलेला असतो? मला वाटतं त्याचं एक कारण अगदी धंद्याचं आहे. यावर गरुडाचं डोकं आणि ओकची पानं आहेत, स्वस्तिक नाही. बाकी वस्तूंवर जर्मन कायद्यामुळे स्वस्तिक झाकायला स्टिकर चिकटवावे लागतात, हा मात्र उघडा मांडता येतो.

वडील फौजेत नेमबाज होते, त्यांना भेट द्यायचीय असं म्हणालात. मग बुंडेसवेअरची श्युत्सेनश्नूर का घेत नाही? आजच्या जर्मन सैन्याची नेमबाजीची दोरी, 1965 पासूनची. रुपेरी-करड्या दोरीवर गोल चकती, तिच्यावर ओकच्या पानांत गरुड. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे तीन दर्जे. नौदलाची दोरी गडद निळी. दोघांच्या कॉफी-केकइतक्या पैशांत मिळते आणि नेमबाजालाच शोभते. जर्मनीत तैनात असलेले अमेरिकन सैनिकसुद्धा ती मिळवायला धडपडतात.

फक्त हीच दोरी कुणी 'वेअरमाख्तची' म्हणून गळ्यात मारू पाहील तर पुढे चला. वेअरमाख्तची खरी दोरी 1936 ची, 12 पायऱ्यांची. काही पायऱ्यांना खाली ओकची फळं लोंबतात, आणि तिच्या गरुडाच्या पायाशी स्वस्तिक असतं. आणि अधिकाऱ्याच्या कोटावर लावून ठेवलेली बुंडेसवेअरची दोरी दिसली तर समजा दुकानदाराने जोड जमवलाय. ती शिपाई आणि हवालदार दर्जाचे लोक लावतात, अधिकारी नाही.

माझा तो बिल्ला अजून टेबलाच्या खणात आहे. टॉर्चचे सेल उतरले की नाही ते त्याच्यावरच बघतो.